कादंबरी दुसऱ्यांदा लिहिताना

कादंबरी लिहिणाऱ्यांनी आपापल्या अडचणी कळवाव्यात, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली. विषय कसा सुचतो, प्रेरणा कुठून मिळते, असं कुणी फारसं विचारलेलं नाही. लिहून झालेल्या पानांचं पुढे काय करायचं, हाच बहुतेकांचा प्रश्न आहे. मला याचा मनापासून आनंद झाला. गिरगावात छापखान्यात मुद्रितशोधनाचं काम करत होते तेव्हापासून मी दुसऱ्यांची हस्तलिखितं वाचत आले आहे, पुढे स्वतःच्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि माझं मत पक्कं होत गेलं आहे की पहिल्या खर्ड्यात लेखकाला फक्त सामान मिळतं. कादंबरी दुसऱ्या खर्ड्यात लिहिली जाते. जागेअभावी थोडीच पत्रं इथे घेतली आहेत.

डोंबिवलीहून रोज सकाळच्या लोकलने सीएसएमटीला जातो. बसायला मिळालं की मोबाइलवर कादंबरी लिहितो. दोन वर्षं झाली, पण पहिली तीन प्रकरणंच सुधारत बसलोय. चौथं सुरूच होत नाही.
— एक वाचक, डोंबिवली

चौथं सुरू होत नाही, कारण गाडीत बसल्याबसल्या तुम्ही आधी कालचं वाचता. वाचलं की काहीतरी खटकतं, खटकलं की हात शिवशिवतात, आणि एक परिच्छेद घासूनपुसून होईपर्यंत भायखळा येतं. उद्यापासून रोज कोरी नोंद उघडा आणि तिच्यात कालची फक्त शेवटची ओळ चिकटवा. मागचं डोळ्यांसमोर नसेल तर दुरुस्त करता येणार नाही.

लिहिताना एखादी गोष्ट माहीत नसली तर थांबू नका. चौकटी कंस टाका, त्यात लिहा ‘मामाचं घर नक्की कुठे?’ आणि पुढे चला. पाचव्या प्रकरणात आल्यावर लक्षात आलं की नायकाला भाऊ नको, बहीण हवी, तर सहाव्यापासून बहीण लिहा. मागचा भाऊ राहू दे तसाच. त्याचं काय करायचं ते शेवटचं पान लिहून झाल्यावर.

आणखी एक सांगते, थोडं कठोर वाटेल. बहुतेक कादंबऱ्यांमधली पहिली प्रकरणंच सगळ्यात जास्त बदलतात, पुष्कळदा पूर्ण जातात. ती लिहिताना आपली आपल्या माणसांशी ओळखच झालेली नसते. जी पानं कदाचित राहणारही नाहीत, त्यांच्यावर तुमची रोजची सकाळ जाते आहे.

माझी कादंबरी गिरणगावात, १९८१ ते १९८४ या काळात घडते. पहिला खर्डा पूर्ण झाला आहे. पुनर्लेखन करा, असं सगळे सांगतात. नेमकं काय करायचं ते कुणी सांगत नाही. नमुन्यादाखल एक प्रकरण जोडलं आहे. त्यातला मजकूर छापायला माझी हरकत नाही.
— एक वाचक, लालबाग

तुमचं प्रकरण दोनदा वाचलं. खानावळवाली शेवंताबाई आणि तिच्याकडे जेवायला येणारा विठोबा, दोघंही जिवंत माणसं आहेत. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुनर्लेखन म्हटलं की आपण शब्द बदलायला बसतो. ते काम सगळ्यात शेवटचं. आधी पूर्ण खर्डा कागदावर छापून घ्या आणि हातात पेन न घेता सलग वाचा. मग एका वहीत प्रत्येक प्रकरणासाठी एकच वाक्य लिहा: या प्रकरणाआधी जे होतं, त्यातलं नंतर काय बदललं? कुणाचं मन, कुणाची नोकरी, कुणाबद्दलचा समज, काहीही चालेल. जिथे वाक्य सुचणार नाही, ते प्रकरण तुम्ही गिरणगावाच्या प्रेमापोटी लिहिलेलं असणार. दहीहंडीचं प्रकरण असंच असावं, अशी मला शंका आहे. त्यातलं एखादं दृश्य दुसरीकडे हलवता येईल. पूर्ण प्रकरण ठेवायचं तर त्या दिवशी कुणाचं तरी काहीतरी बिनसायला हवं.

आता तारखा. तुमचा विठोबा मे १९८२मध्ये रात्रपाळी करून सकाळी घरी येतो. गिरण्यांचा संप १८ जानेवारी १९८२ला सुरू झाला, सोमवार होता. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले होते. मे महिन्यात विठोबा पाळी करून येत असेल तर त्याचा अर्थ एकच होतो, तो संप फोडून कामावर जातोय. मग शेजारच्या खोलीतले त्याच्याशी बोलतील का? नळावर त्याच्या बायकोला कुणी जागा देईल का? शेवंताबाई त्याला बाकीच्यांच्या पंगतीत बसवेल का? खर्ड्यात यातलं काहीच नाही. तो येतो, चहा घेतो, झोपतो. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. प्रसंग १९८१मध्ये न्या, किंवा विठोबाला खरोखरच फुटू द्या. दुसरी वाट धरलीत तर पुढची बरीच प्रकरणं नव्याने लिहावी लागतील. पण मी वाचक म्हणून सांगते, मला ती कादंबरी वाचायची आहे.

म्हणून तारखांची चौकशी म्हणजे परीक्षकाचं बोट लागू नये म्हणून करायचं काम, असं समजू नका. तिच्यातून कथानक निघतं. शेवंताबाईचंच बघा. ती १९७०मध्ये महिला मंडळामार्फत बँकेचं कर्ज काढते, असं तुम्ही लिहिलं आहे. खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून त्यांना बँकेचं कर्ज मिळवून देणारं अन्नपूर्णा महिला मंडळ प्रेमाताई पुरव यांनी सुरू केलं ते १९७५मध्ये. त्याआधी शेवंताबाईने पैसे उभे केले असतील ते सावकाराकडून, बहुधा डाग गहाण टाकून. म्हणजे तिच्या गळ्यात आणि हातात काय होतं, त्यातलं काय सुटून परत आलं आणि काय गेलं ते गेलंच, हे तुम्हाला आता ठरवावं लागेल. ते ठरलं की ती पुतळ्यांची माळ घातलेल्या जावेकडे कशी बघते, हेही आपोआप कळेल.

एक वही करा. डाव्या पानावर शहराच्या तारखा, उजव्या पानावर तुमच्या माणसांच्या. कोणाचं लग्न, कोणाचं बाळंतपण, कोण कधी गावाला गेलं. विठोबाची मुलगी पहिल्या प्रकरणात आठ वर्षांची आहे आणि दोन वर्षांनी दहावीला बसते. ते वहीमुळे सापडेल. ठिकाणांची नावंही तपासा. तुमच्या माणसाने ‘प्रभादेवी’ स्टेशनला उतरून चालणार नाही, ते नाव २०१८मध्ये आलं. त्याआधी ते एल्फिन्स्टन रोड होतं. जुनी वृत्तपत्रं आणि नियतकालिकं बघायला दादर पूर्वेच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जा. १८९८पासूनची संस्था आहे, संदर्भ विभागात मदत करणारी माणसं भेटतात. नीरा आडारकर आणि मीना मेनन यांनी गिरणगावातल्या माणसांच्या तोंडून तिथला इतिहास नोंदवून ठेवला आहे, तोही वाचा. आणि लालबागमध्येच राहता, तर वरच्या माळ्यावरच्या आजोबांशी बोला. त्यांना संपाबद्दल विचारू नका, त्यावर ते भाषण देतील. त्या वर्षी दिवाळीला घरात काय केलं होतं, ते विचारा.

हे सगळं गोळा झालं की त्यातलं फारच थोडं पानावर उतरू द्या. १८ जानेवारी ही तारीख वाचकाला सांगायचीच असं नाही. ती तुम्हाला पक्की माहीत असली की पात्रं तिच्याप्रमाणे वागतात.

आता भाषा. तुमचा परिच्छेद असा आहे:

‘संप सुरू होऊन सहा महिने झाले होते. शेवंताबाईच्या मनात दुःखाचं वादळ उठलं होतं. एकेकाळी गजबजलेली तिची खानावळ आता ओस पडली होती. नियतीने तिच्यावर कसा क्रूर घाला घातला होता! ती विषण्णपणे रिकाम्या ताटांकडे पाहत राहिली.’

मी तो असा करून पाहिला:

‘परातीत सहा मापटी पीठ पडलं, मग शेवंताबाईचा हात थांबला. चार मापटी तिने परत डब्यात टाकली. दोघेच जेवायला होते. हात धुताना विठोबा म्हणाला, “मावशी, मांडून ठेवताय ना?” “ठेवते तर.” वही फळीवर तेलाच्या डब्यामागे होती. आषाढ लागल्यापासून तिने ती खाली काढली नव्हती.’

मी यात पदरचं जवळजवळ काही घातलेलं नाही. उधारीची वही तुमच्याच प्रकरणात पुढे, शेवंताबाई आणि तिच्या दिराच्या भांडणात आली आहे. ‘मांडून ठेवताय ना’ हे वाक्यही तुमचंच, वेगळ्या माणसाच्या तोंडी. पहिल्या खर्ड्यात असं होतं: चांगली वस्तू चुकीच्या पानावर पडलेली असते आणि जिथे तिची गरज असते तिथे आपण विशेषणांनी वेळ मारून नेलेली असते. म्हणून ‘विषण्ण’, ‘ओस’, ‘वादळ’ असे शब्द दिसले की ते खोडून दुसरे शोधत बसू नका. खर्डा चाळा. त्या जागेची खरी वस्तू तुम्ही कुठेतरी लिहून ठेवलेली असेल.

‘नियती’ मात्र मी मुद्दाम काढली. संप नियतीने केला नव्हता. तो माणसांनी केला, आणि तो मिटू नये असं वाटणारीही माणसंच होती. शेवंताबाईच्या रिकाम्या ताटांना कोण जबाबदार, याबद्दल तुमच्या पात्रांची वेगवेगळी मतं असणार. दिराचं वेगळं, विठोबाचं वेगळं. नियतीचं नाव घेतलं की ती सगळी मतं एका फटक्यात गप्प होतात. कादंबरीकाराने असं करू नये.

पहिला खर्डा हाताने लिहावा की संगणकावर?
— एक वाचक, ठाणे

जसा सुचेल तसा. दुसरा मात्र छापील पान समोर ठेवून पहिल्या शब्दापासून पुन्हा टाइप करा, जुन्याच फाइलमध्ये डागडुजी करू नका. जे वाक्य पुन्हा टाइप करायचा कंटाळा येतो, ते वाचायचाही कंटाळा येणार असतो.

प्रकाशकाच्या संपादकांनी पहिली तीन प्रकरणं काढा आणि शेवट बदला, असं कळवलं आहे. पाच वर्षांची मेहनत आहे. इतकंच नको होतं तर नाही म्हणायचं. मी काय करावं?
— एक वाचक, मुलुंड

आधी एवढं लक्षात घ्या, कुणीतरी तुमची कादंबरी शेवटपर्यंत वाचून, विचार करून पत्र लिहिलं आहे. आज हे दुर्मीळ आहे. पुष्कळ ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ तपासण्यालाच संपादन म्हणतात. मराठीत संपादनाची मोठी परंपरा होती. गिरगावातल्या खटाववाडीत ‘मौज’ आणि ‘सत्यकथे’च्या कचेरीत श्री. पु. भागवत, राम पटवर्धन यांनी लेखकांशी केलेला पत्रव्यवहार, एकेका कथेवर घातलेले खल, परत पाठवलेले खर्डे यांतून दोन पिढ्यांचे लेखक घडले. ‘सत्यकथा’ १९८२मध्ये बंद पडली. तसं वाचणारं माणूस पुढे प्रत्येक लेखकाला आपापलं शोधावं लागलं. तुम्हाला न शोधता मिळालं आहे.

संपादकांना फोन करा, पण ‘का काढू?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर म्हणून ते मत देतील आणि तुम्ही वाद घालाल. ‘वाचताना हस्तलिखित पहिल्यांदा खाली कधी ठेवलंत?’ असं विचारा. त्यांनी पान सांगितलं की त्या पानाच्या आधीची दहा पानं नीट बघा. तिथे काहीतरी अडलेलं असतं. ते प्रकरण काढून सुटेल, की दोन प्रकरणांची अदलाबदल करून, की आजीची आठवण पुढे नेऊन, हे ठरवायचा हक्क तुमचा. तीन प्रकरणं काढून वाचून बघायला मात्र काहीच खर्च नाही. फाइलची प्रत करा, चौथ्यापासून सुरू करा आणि पुस्तकाशी संबंध नसलेल्या एखाद्या मैत्रिणीला द्या. तिला काही अडलं नाही, तर संपादकांचं खरं होतं.

शेवटाबद्दल माझं मत वेगळं आहे. शेवट बदला असं कुणी म्हणालं तर मी शेवटाला हात लावत नाही, मधल्या भागात जाते. शेवट पटत नाही याचं कारण बहुतेक वेळा असं असतं की तो पटावा यासाठी जे आधी घडायला हवं होतं, ते आपण घडवलेलंच नसतं. तुमची नायिका घर सोडून जाते, असं तुम्ही लिहिलं आहे. ती जाऊ शकते, हे वाचकाला आधी एकदा तरी दिसलं आहे का? निदान एकदा तिने दादरहून कर्जतची गाडी पकडून, कुणाला न सांगता, संध्याकाळी परत यायला हवं.

माझी पात्रं मालवणी बोलतात. काही मित्र म्हणतात, वाचकांना जड जाईल, प्रमाण भाषेत लिही. काय करू?
— एक वाचक, कांजूरमार्ग

मालवणी ठेवा. आपल्या शुद्धलेखनाच्या नियमांनीही पात्राच्या तोंडची भाषा त्याच्या उच्चाराप्रमाणे लिहायला मोकळीक दिली आहे, तेव्हा मुद्रितशोधकाने ‘माका’चं ‘मला’ केलं तर हक्काने परत ‘माका’ करून घ्या.

काम आहे ते सगळं एकसारखं ठेवण्याचं. तुमच्या नमुन्यात आई एका पानावर ‘माका ठावक नाय’ म्हणते आणि पुढच्या पानावर ‘मला ठाऊक नाही’. एक कागद घ्या आणि प्रत्येक पात्र घरात कसं बोलतं, बाहेर कसं बोलतं, रागावल्यावर कसं बोलतं, हे त्यावर मांडा. आई कायम मालवणी. मुलगा कांजूरला जन्मलेला, तो आईशी अर्धंमुर्धं मालवणी बोलेल, मित्रांत ‘मला नाय माहीत’ आणि ऑफिसात ‘मला माहीत नाही’. दुसऱ्या खर्ड्यात हा कागद शेजारी ठेवून फक्त संवाद वाचा, मधलं निवेदन सोडून द्या.

असं केलं की कागदाबाहेर जाणाऱ्या जागा तुम्हाला दिसू लागतील, आणि त्या जागांमध्ये तुमची कादंबरी आहे. वॉर्ड ऑफिसमधल्या साहेबापुढे आई एकदम शाळेतल्या पुस्तकासारखं मराठी बोलायला लागते आणि मुलाला ते बघवत नाही. बायकोशी भांडताना मुलाच्या तोंडून अचानक आईची मालवणी बाहेर पडते. पहिल्या खर्ड्यात असं चुकून झालं असेल तर काढून टाका, आणि जिथे व्हायला हवं तिथे समजून-उमजून लिहा.

पुस्तकाची मुद्रितं हातात आली आहेत. वाचताना प्रत्येक पानावर काहीतरी बदलावंसं वाटतं. बदलू का? आणि मुद्रितं तपासायची कशी?
— एक वाचक, गोरेगाव

वाक्यं बदलू नका. मी छापखान्यात होते तेव्हा खिळ्यांची जुळणी असायची. लेखकाने एक शब्द वाढवला की ओळ सरकायची, कंपोझिटर पुढच्या ओळी पुन्हा बसवायचा, आणि त्या नादात नवीन चूक व्हायची. आता संगणकावर ते चटकन होतं, पण नवीन चूक होणं काही थांबलेलं नाही. शिवाय या टप्प्यावर तुम्ही स्वतःचं लिखाण इतक्यांदा वाचलेलं आहे की तुम्हाला सगळंच शिळं वाटणार. त्या वाटण्यावर विसंबू नका. तारीख चुकली असेल, पात्राचं नाव बदललं असेल, एखाद्या वाक्याचा अर्थच उलटा होत असेल, तर जरूर बदला.

तुमचा मजकूर जुन्या फाँटमधून युनिकोडमध्ये आला असेल तर जोडाक्षरं तपासा. रफार सरकतो, ‘ऱ्य’चं भलतंच काहीतरी होतं, ‘श्र’ आणि ‘द्ध’ तुटतात. अशी एक चूक सापडली की तोच शब्द सगळ्या पुस्तकात शोधा, ती एकटी नसते. प्रकरणांची शीर्षकं आणि अनुक्रमणिकेतली शीर्षकं शेजारी ठेवून ताडून बघा, पानांचे आकडेही. मोठ्या अक्षरातली चूक डोळ्यांना सहसा दिसत नाही, म्हणून मलपृष्ठ आणि मुखपृष्ठ एकेक अक्षर लावून वाचा.

मुद्रितं शेवटच्या प्रकरणापासून सुरुवातीकडे वाचत या. गोष्ट उलटी जायला लागली की तुम्ही तिच्यात ओढले जात नाही आणि समोरचं अक्षर दिसतं. एकदा तुम्ही वाचा, एकदा दुसऱ्या कुणाला मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही मूळ प्रत समोर धरून बसा. गळलेली ओळ त्याशिवाय सापडत नाही.